भोकांवरून मांडलेलं रुखवत

अमरावतीच्या कॉलेजात गणित शिकवणारे वामनराव एकदा मुंबईहून टोपॉलॉजीचं पुस्तक घेऊन आले आणि तेव्हापासून त्यांना जगात फक्त भोकं दिसू लागली. वस्तू केवढी, कशाची, काय मोलाची, हे सगळं गौण. न फाडता, न चिकटवता, नुसती ताणून-दाबून एकीची दुसरी करता आली की दोघी एका जातीच्या. लाडू आणि पापड एक, कारण भोक दोघांनाही नाही. बांगडी आणि कडबोळं एक. दोन कानांची कढई आणि दोन पायांची विजार एक. ते बोलायला लागले की स्टाफरूममधल्या मंडळींना आपापले तास आठवत. अख्ख्या गावात हे शास्त्र कळे ते त्यांच्या मुलीला, विमलला. जेवताना बापलेक ताटातल्या पदार्थांच्या जाती लावत बसत, आणि अशा बापाचा विमलला फार अभिमान वाटे.

त्रेसष्ट साली तिचं लग्न अकोल्याच्या एका कापसाच्या अडत्याच्या मुलाशी ठरलं. मोठ्या मुश्किलीने जुळलेलं स्थळ. तरी रुखवत आणि आहेर शास्त्राप्रमाणेच मांडायचा, असा वामनरावांनी हुकूम सोडला. विमलने हळदीच्या हातांनी हौसेने मांडला. नवरदेवाची विजार कढईशेजारी गेली. विहिणीची मानाची साडी गेली पापड, लाडू आणि पिकदाणीच्या रांगेत.

आता विहिणीचा मान म्हणजे काय, हे पुस्तकात थोडंच असतं! नवरदेवाच्या आई गोदावरीबाईंनी रुखवताचं टेबल पाहिलं आणि त्यांचा पारा चढला.

"माह्या साडीजवळ पिकदाणी कोनं ठेवली? सांगा, नाही तं आमी वऱ्हाड घेऊन चाललो अकोल्याले."

उत्तर सोपं होतं. साडीला भोक नाही, पिकदाणीलाही नाही. असा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून वामनराव इतकी वर्षं तडफडत होते. विमल त्यांच्या तोंडाकडे बघत होती. वामनरावांनी घसा खाकरला, उपरणं सावरलं आणि एरवीची पुणेरी भाषा विसरून हात जोडले.

"पोरीनं मांडलं, विहीणबाई. तिले त्यातलं काही समजत नाही."

गोदावरीबाई निवल्या. सूनबाईले आमी शिकवू, म्हणाल्या. लग्न वेळेवर लागलं, पंगती उठल्या. विमलला जन्मात पहिल्यांदा बापाची लाज वाटली आणि ती हमसून हमसून रडली. बायका म्हणाल्या, माहेर सुटताना सगळ्याच रडतात.