भाईजानच्या फोटोतला हात

सगळ्या गारखेड्यात रंगाला भिणारा एकच माणूस, अन् तोच रंगाचे फोटो काढतो. आमचा स्टुडिओवाला भाईजान. माणसांवर रंगाची भुकटी उडवायची, अन् ती हवेत असतानाच मोठा दिवा चमकवून फोटो घ्यायचा, हा त्याचा धंदा. स्वतः मात्र पांढराफेक कुर्ता घालतो. एक ठिपका पडला की घरी जाऊन बदलून येतो, गिऱ्हाईक बसलंय तसंच बसतं. मोठ्या दिव्याला तो आपा म्हणतो, म्हणजे थोरली बहीण. आपा चमकली नाय तर तिच्यापुढं हात जोडतो, मला सांगतो, "मावशी, आज आपा नाराज है." मी तिथं झाडू-पोछा करते. माझा नवरा वारल्यावर वैजापूरकडं वीस वर्षं दुसऱ्यांच्या खळ्यावर ज्वारी पाखडली, लेकरं वाढवली, मग इथं आले. त्याचं काय सांगायचं.

गेल्या पावसाळ्यात नाचणाऱ्या चार पोरी आल्या. त्यांच्या पहिल्या कार्यक्रमाच्या बोर्डावर फोटो लागायचा होता. भाईजान तोवर लई दिवस रिकामा. हा फोटो फसला तर शटर पाडून सासऱ्याच्या दुकानात बसायचं, असं त्यानं बायकोला कबूल केलं होतं. भुकटीला तो कुणाला हात लावू देत नाय. डाव्या हातानं मूठ फेकायची, उजव्यानं बटण दाबायचं. ओल्या हवेनं भुकटीचे गोळे झालेले. गोळा जाऊन पोरीच्या कपाळावर बसायचा, अन् फोटोत नुसती शिंक यायची. दोन पुडे संपले. पोरी निघायच्या बेतात ओढण्या झटकायला लागल्या.

मी झाडू ठेवला. शेजारणीकडून चाळणी अन् सूप आणलं, भुकटी चाळली, सुपात घेतली.

"मावशी, ये आखरी पुडा है."

"तुम्ही बटण सांभाळा."

सूप एकदाच झटकलं. भुकटी धुक्यावाणी हवेत थांबली अन् आपा लखकन चमकली. पोरी कॅमेऱ्याकडं पळाल्या, बघून एकमेकींच्या गळ्यात पडल्या. भाईजान नखशिखांत गुलाबी झाला होता. त्या दिवशी कुर्ता बदलायला घरी गेला नाय. तसाच रस्त्यावर जाऊन सगळ्यांना चहा घेऊन आला.

फोटोच्या कोपऱ्यात माझा हात अन् सूप आलं होतं. पोरी म्हणल्या, तेवढं कापा. तो म्हणला, कापलं तर फोटो मेला. मग तसाच बोर्ड चौकात लागला. आता रंगाच्या फोटोला माणसं पैठणहून येतात. दारातला फोटो बघून विचारतात, हात कुणाचा? भाईजान म्हणतो, "उस्ताद का."

वीस वर्षं खळ्यावर ह्या हाताकडं कुणी पाह्यलं नव्हतं. आता तो जरा थरथरतो. फोटोतला मात्र नाय थरथरत. त्याच्याखाली झाडायला आले की मी जरा थांबते.