पडद्याबाहेरची खिडकी

टायपिंगचा क्लास बंद होऊन बावीस वर्षं झाली, तरी त्यांना सगळे टायपिंगच्या बाईच म्हणत. टाइपरायटर भंगारात गेले, तेव्हा बाई छत्तीस वर्षांच्या होत्या. रडत बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी कॉम्प्युटर उघडून बघायला शिकून घेतलं आणि खांद्याला कापडी पिशवी लावून म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायला सुरुवात केली. पिशवीत स्क्रूड्रायव्हरचा संच, दोन पेनड्राइव्ह आणि एक हेडफोन. दुकानातली पोरं म्हाताऱ्यांवर खेकसत. बाई खेकसत नसत. "तुम्ही काहीच बिघडवलेलं नाही," हे त्यांचं आल्याबरोबरचं पहिलं वाक्य. वहिनी मात्र घरी टोमणा मारायची, "गावभरच्या यंत्रांशी गोड बोलतेस, आपला मिक्सर महिनाभर मुका बसलाय त्याचं काय?"

एका गुरुवारी सकाळी त्यांच्या फोनवर निरोप आला. 'आवाज नोंदवण्याचे अॅप उघडत नाही. घंटी वाजवू नये, मला ऐकू येत नाही. दार उघडे असेल.' तीन वाक्यं, एकही चूक नाही. बाईंना माणूस तिथेच आवडला, आणि दुपारी उशिरा त्या तिथे पोचल्या.

तो माणूस म्हणजे एका छापखान्यातले जुने मुद्रितशोधक. वय एकोणऐंशी. यंत्रांच्या खोलीला लागून त्यांचं टेबल असायचं. चाळीस वर्षं तो खडखडाट ऐकून कान गेले ते गेलेच. घर दोन खोल्यांचं, चौथ्या मजल्यावर. खिडकीपाशी टेबल, त्यावर लॅपटॉप, समोर एक खुर्ची आणि डाव्या बाजूला एक उंच स्टूल. भिंतीला एक पांढरी पाटी टांगलेली, दोरीला पेन. पाटीवर बाईमाणसाच्या हातचं अक्षर होतं: 'दूध उतू जातंय, उठा.'

बाईंची नजर तिथे गेलेली काकांनी पाहिली. "पुसलं नाही मी," ते मोठ्यांदा म्हणाले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं. "आमची ही गेली. सत्तेचाळीस दिवस झाले. दुपारी ती या स्टुलावर बसून त्या अॅपमध्ये काहीतरी बोलायची. काय ते मी कधी विचारलं नाही. आता उघडावं म्हटलं, तर उघडतच नाही."

बाई स्टूल ओढून बसल्या आणि त्यांनी पडद्यावर मोठ्या अक्षरांत टाइप केलं: 'तुम्ही काहीच बिघडवलेलं नाही.' काका हसले.

बाईंनी अॅपवर क्लिक केलं. काही नाही. पुन्हा केलं. खालच्या पट्टीत चिन्ह उजळलं, पण पडद्यावर अॅपची खिडकी उघडली नाही. हे अॅप लॅपटॉपबरोबरच आलेलं. काढून पुन्हा घालणं म्हणजे पाच मिनिटांचं काम. त्याआधी सगळं एकदा बंद करून चालू करावं म्हणून त्यांचा हात पुढे गेला, आणि तेवढ्यात कोपऱ्यातल्या घड्याळाशेजारी त्यांना एक बारीक चिन्ह दिसलं. माइकचं. माइक चालू होता.

बाईंनी हात मागे घेतला. 'लॅपटॉप कधी बंद करता?' त्यांनी टाइप केलं.

"कधीच नाही. ही करायची नाही, म्हणून मीही करत नाही. झाकणसुद्धा लावत नाही."

म्हणजे अॅप बिघडलेलं नव्हतं. ते उघडंच होतं, फक्त दिसत नव्हतं. 'याला आणखी एक पडदा जोडलेला होता का?' बाईंनी विचारलं. होता. काकूंची नजर अधू होती म्हणून मोठा पडदा डाव्या हाताला ठेवलेला. काकू गेल्यावर भाचीने आवराआवर केली आणि तो काढून नेला. खिडकी मात्र त्याच पडद्यावर राहून गेली होती, आता जिथे नुसती भिंत होती तिथे.

"कुठे लपलीस गं?" बाई स्वतःशीच पुटपुटल्या. काम करताना यंत्रांशी बोलायची त्यांची सवयच होती. त्यांनी दोन कळा दाबून मग बाणाची कळ दाबली. एकदा, दोनदा, दहादा. आणि पडद्याच्या डाव्या कडेतून ती खिडकी हळूहळू आत सरकत आली. मधोमध लाल टिंब, खाली पळते आकडे. अकराशे एकतीस तास, चोवीस मिनिटं.

काकांनी मनातल्या मनात हिशोब केला. "सत्तेचाळीस दिवस," ते म्हणाले. "म्हणजे त्या दुपारपासून हे चालूच आहे?"

बाईंनी मान हलवली आणि नोंदणी थांबवली. सगळं साठवून व्हायला बराच वेळ लागला. मग काका म्हणाले, "तुम्ही ऐका. जे ऐकू येईल ते टाइप करा, मी वाचतो."

'खासगी असेल,' बाईंनी लिहिलं.

"असू दे. एकोणीस वर्षं तिचा आवाज ऐकला नाही मी. लागेल ते पाटीवर लिहायची, पण पाटीवर माणूस किती लिहिणार?"

बाईंनी हेडफोन लावला. एक खणखणीत, जरा अनुनासिक आवाज कानात आला आणि बोटं आपोआप चालू लागली. काकू काही विशेष सांगत नव्हत्या. शेजारणीची सून परत आली. जिना चढताना गुडघा कटकन वाजतो. यांचं सदऱ्याचं बटण सापडलं, पण यांना सांगणार नाही, शोधू देत. पाटीवर लिहिण्याइतकं महत्त्वाचं नसलेलं सगळं त्या इथे बोलून टाकत होत्या. काका खांद्यावरून वाचत हसत होते. "गुडघा, ऱ्हस्व गु," त्यांनी मधेच टोकलं. बाईंनी निमूटपणे दुरुस्त केलं.

मग काकू म्हणाल्या, "थांब हं, गॅस बंद करून येते." स्टूल सरकलं. पावलं. भांडं पडल्याचा आवाज. बाईंची बोटं थांबली.

"ते मला माहीत आहे," काका म्हणाले. "पुढे जा."

बाईंनी नोंद पुढे सरकवली. रिकाम्या घराचे आवाज. काकांचा खोकला, चपला, नळ. आणखी पुढे. नवव्या दिवसाची दुपार. काही नाही, काही नाही, आणि मग माइकच्या अगदी जवळ स्टूल सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी दम खाल्ला.

"हं. कुठे होते मी? काल यांनी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला. घरभर शोधला. मी सांगून सांगून दमले."

तोच आवाज. खणखणीत, जरा अनुनासिक. बाईंना कळायच्या आत बोटांनी ते टाइप केलं होतं. कानावर पडलेलं बोटांतून उतरायची चाळीस वर्षांची सवय. काकांनी वाचलं. त्यांनी तारीख पाहिली, पुन्हा वाचलं.

"चष्मा लोण्याच्या डब्यामागे सापडला होता," ते म्हणाले. "हे मी कुणालाही सांगितलेलं नाही."

 बाईंना उठून जावंसं वाटत होतं. तरी एवढं एकच बघू, म्हणून त्यांनी नोंद एकदम शेवटाकडे नेली. दाराचा आवाज आला, स्टूल ओढल्याचा आला, कळांची टकटक आली, आणि मग त्यांचा स्वतःचाच आवाज: "कुठे लपलीस गं?"

आणि लगेच, ओठ माइकला टेकवावेत इतक्या जवळून: "इथेच तर आहे."

या वेळी बोटं हलली नाहीत. काका आता पडद्याकडे नाही, बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. "टाइप करा," ते म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले.

बाईंनी टाइप केलं. काकांनी वाचलं आणि मान डोलावली. "हो ना. इथेच बसायची ती, तुम्ही बसलाय तिथे."

बाई ताडकन उठल्या.

जाण्याआधी काकांनी एकच मागितलं: अॅप पुन्हा सुरू करून द्या. बाईंनी उभ्याउभ्याच लाल टिंब दाबलं. मग दर गुरुवारी त्या येत राहिल्या, भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसून ऐकत राहिल्या. पुढे तो आवाज कधीच आला नाही. बाई खरं तेच टाइप करत: 'नळ. खोकला. पाऊल, तुमचंच.' काका म्हणत, "नसेल बोलावंसं वाटलं. ती काही रोज बोलणारी नव्हती." घरी वहिनीने विचारलं, तिथे इतका वेळ काय दुरुस्त करतेस? बाई म्हणाल्या, "एक अॅप आहे, फार हट्टी."

दीड वर्षाने काका झोपेतच गेले. लॅपटॉप कुणाला तरी देऊन टाकायचा म्हणून भाचीने बाईंना बोलावलं. "सगळं पुसून टाका, मावशी. आणि हे अॅप काही केल्या बंद होत नाहीये."

आकडे पळत होते. काका जाऊन नऊ दिवस झाले होते आणि तेवढे दिवस घराला कुलूप होतं. बाईंनी नोंदणी थांबवली. हेडफोन पिशवीतच होता. भाची स्वयंपाकघरात खोकी बांधत होती. बाईंनी पडद्यावरची आवाजाच्या चढउताराची रेघ पाहिली. बंद घराची रेघ सपाट असायला हवी होती, पण ती दुपारच्या वेळी, रोज, बराच वेळ वरखाली होत होती.

त्यांनी ती ऐकली नाही; ते बोलणं आता त्या दोघांचं होतं. "मला थोडा वेळ लागेल गं," त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून भाचीला सांगितलं, आणि सगळं पुसलं.