माझ्या पाठीमागचं बघणारा नित्या

ज्याचे सगळे रिपोर्ट नॉर्मल होते, तो आज सकाळी गेला.

ज्याला तीन ब्लॉकेज आहेत, तो ही पोस्ट लिहितोय.

नितीन. डोंबिवलीतल्या आमच्या शाळेच्या खो-खो टीमचा कॅप्टन. माझा नित्या. चहा पिता पिता खुर्चीतच मान टाकली.

गुरुवारी माझी बायपास आहे, ठाण्याला. अॅडमिट व्हायला सोबत तोच येणार होता.

मी घाबरलोय. सरळच सांगतो.

जे खो-खो खेळले नाहीत त्यांच्यासाठी: पाठलाग करणारे एका ओळीत उकिडवे बसतात. एकाचं तोंड इकडे, शेजारच्याचं तिकडे. मागून पाठीवर थाप आणि "खो" आल्याशिवाय उठायचं नाही. उठलात की फाउल.

मी कानाचा तिखट. आज वर्कशॉपमध्ये नुसत्या आवाजावरून सांगतो, कुठल्या मशीनचा बोल्ट ढिला झालाय. पण नववीत हेच कान माझे वैरी होते. मागे कोणी धावलं की वाटायचं, आला, आलाच! आणि मी खो न मिळताच उठायचो.

सर ओरडायचे, "अरे, खाली निखारा ठेवलाय का तुझ्या?"

पोरं खिदळायची.

नित्या हसला नाही. जागा बदलून माझ्या शेजारी येऊन बसला.

"तुझ्या मागचं मला दिसतं, माझ्या मागचं तुला. मग टेन्शन कशाला घेतो?"

कल्याणला फायनल. शेवटची मिनिटं. मागून पावलं आली, मी उठायच्या बेतात.

"बस."

पावलं गेली. परत आली.

"बस रे, तुझा नाहीये."

मग हळूच, "आता तयार राहा."

थाप पडली. मी सुटलो आणि रनर आउट!

मॅच तरीही हरलो, ते सोडा.

पुढे सवयच लागली. नोकरी सोडून वागळे इस्टेटमध्ये स्वतःचा गाळा घ्यायचा होता, पण सही करवेना. त्याला फोन केला.

"ऊठ की आता. किती बसशील?"

बायपासचं कळल्यावर मी म्हटलेलं, "दिवाळीनंतर बघू."

"म्हणजे दिवाळीत तुझ्या फोटोसमोर फराळ ठेवायचा का?"

आज त्याच्या घरी गेलो. खाली तयारी चाललेली. मी भिंतीला टेकून मनात ठरवूनही टाकलं, गुरुवार कॅन्सल. एवढा धडधाकट माणूस असा जातो, तर मी त्या टेबलावरून कसला परत येतोय?

स्मितावहिनी, त्याची बायको, उठून माझ्याजवळ आल्या. रडून आवाज बसलेला.

"भावजी, गुरुवारी सोबत कोण आहे तुमच्या?"

"वहिनी, ते आता राहू दे..."

"राहू दे नाही. रात्री जेवताना हेच बोलत होते. 'तो ऐन वेळी पळेल बघ' म्हणाले."

मी भिंतीचा टेका सोडला.

"माझा भाऊ येईल सकाळी गाडी घेऊन. खाली उभे राहा. त्याला वर यायला लावू नका."

मी हो म्हटलं.

मग खाली जाऊन नित्याला खांदा दिला.

गुरुवारी जातोय रे. भीती होती तेवढीच आहे, पण जातोय.

कॅप्टन, तुला मनापासून श्रद्धांजली.