मोरीतला पेशंट

आमच्या मागच्या मोरीत कित्येक वर्षं एक पेशंट उभा होता. प्लास्टिकची जाडजूड नळी, आत खाणीतला दगड बारीक फोडून भरलेला, खाली काचेची बरणी. दर रविवारी थोरले भाऊजी, म्हणजे माझे मोठे दीर, नळीत वरून पाणी ओतायचे आणि झिरपून आलेल्या पाण्यात निळा लिटमस कागद बुडवायचे. कागद निळाच राहिला की मी विचारायची, "पेशंट कसा आहे?"

"ठणठणीत. डॉक्टरचंच काही खरं नाही," भाऊजी म्हणायचे.

ते खाणीच्या प्रयोगशाळेत होते. टाकाऊ दगड कुठं टाकायचा हे त्यांच्या तपासणीवर ठरायचं. त्या दगडात गंधक असलेले पिवळे, चकचकीत कण असतात. हवापाणी लागलं की त्यांतून आम्ल सुटतं. दगडातलाच चुना ते मारतो, पण चुना आहे तोवरच. म्हणून दगड महिनोन्‌महिने भिजवून, वाळवून पाहायचा. मुदतीपर्यंत पाणी चांगलं निघालं की अहवाल लिहायचा आणि नळ्या रिकाम्या करायच्या, अशी तिथली रीत. मोरीतल्या या दगडाच्या वेळीही तसंच झालं. एक नळी तेवढी भाऊजींनी भरलेलीच घरी आणली.

त्या दगडाचा ढीग पडला तो ओढ्याच्या वरच्या अंगाला. खाली ओढ्याकाठी आमच्या वन्संची, भाऊजींच्या धाकट्या बहिणीची, रोपवाटिका. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीनं उभी केलेली. जागेला गिऱ्हाईक आलं होतं. त्या विचारायला आल्या तेव्हा मी चहा गाळत होते.

"विकू नकोस, चिमे," भाऊजी म्हणाले. "पाणी मी तपासलंय."

वन्संनी गिऱ्हाईक परत पाठवलं.

पुढे एका रविवारी कागदाची कड गुलाबी झाली. त्याच्या पुढच्या रविवारी सगळा कागद लाल. भाऊजींनी बरणी घासली, नवा कागद काढला. तोही लाल. मी काही विचारलं नाही.

बरणी घेऊन ते खाणीतल्या साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "घरच्या मोरीतली तपासणी मी कुठं दाखवू? आणि अहवालावर सही तुमचीच आहे ना?"

मग ते वन्संकडे गेले. मी सोबत होते. वन्सं पिशव्यांत माती भरत होत्या, मीही भरायला बसले.

"नळीतलं पाणी बिघडलं, तसं ओढ्याचं लगेच नाही होणार," भाऊजी म्हणाले. "मी दगड बारीक फोडला होता, म्हणून लवकर झालं. ढिगातले धोंडे मोठे आहेत. पण होणार."

वन्संचे हात थांबले नाहीत. "दादा, नळी घरी कशाला आणली होतीस?"

"सहज. पुढं काय होतं ते बघावं म्हणून."

"म्हणजे तुला शंका होती."

भाऊजींनी एक रिकामी पिशवी उचलून मातीजवळ ठेवली.

"आणि मला म्हणालास, विकू नकोस."

"मला वाटलं, चुना पुरेल."

"वाटलं होय? मला तर तू तपासलंय म्हणाला होतास."

जाताना भाऊजींनी अजूनही विकता येईल, असं काहीसं पुटपुटून पाहिलं. वन्सं म्हणाल्या, "घेणाऱ्याला काय सांगू? तू मला सांगितलंस तेच?"

त्या दिवसापासून बहीणभावाचं बोलणं बंद. भाऊजींनी मोरीतली नळी काढून टाकली आणि रोज सकाळी ओढ्यावर जायला लागले. मी वन्संच्या मदतीला जायची तेव्हा पलीकडच्या काठावर दिसायचे. पाण्यात कागद बुडवायचे, जरा थांबायचे आणि हात उंच करून तो निळा कागद आमच्या दिशेनं धरायचे. वन्सं बघायच्या. बोलायच्या नाहीत, पण बघितल्याशिवाय ओढ्याच्या पाण्यानं भरलेली झारी उचलायच्या नाहीत.

असं बरेच दिवस चाललं. मग एका सकाळी भाऊजी नेहमीसारखे वाकले. कागद बुडवला. दुसरा काढला, तोही बुडवला. खूप वेळ तसेच बसून राहिले. मग दोन्ही कागद खिशात घातले.

हात वर झाला नाही.

वन्संनी भरलेली झारी तिथंच वाटेवर ओतली. मग चपला काढून ओढ्यात उतरल्या आणि पलीकडे जाऊन भावाच्या शेजारी बसल्या.