काकांचा हजेरीपट

आमच्या मावशीच्या यजमानांइतका शिस्तीचा माणूस अख्ख्या जुईनगरात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तासाभरात दोघांचं वाजेल. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर पुढ्यात वर्ग नाही, म्हणून काकांनी घरातल्या तीन कॉम्प्युटरांचाच वर्ग भरवला. बेडरूममधला त्यांचा लिनक्स, ओट्याशेजारचा मावशीचा विंडोज आणि हॉलमध्ये माझ्या मावसबहिणीचा मॅक. लिनक्सवरचा एक फोल्डर तिघांना दिसावा आणि तिघांना त्यात लिहिता यावं, एवढाच हट्ट. रोज सकाळी चहाआधी चाचणी. प्रत्येक मशीनवरून त्यात एक फाईल टाकायची, ती उरलेल्या दोघांवर उघडते का ते धावत जाऊन बघायचं, वहीत हजेरी मांडायची आणि फाईल पुसायची. "लिनक्स हजर. विंडोज हजर, पासवर्ड विसरला. मॅक हजर, पण लिहीत नाही!" शेवटचं वाक्य खालच्या वॉचमनलाही पाठ झालं होतं.

तशात मावसबहिणीला बंगळुरूत नोकरी लागली. रविवारी ती मॅकसकट निघणार, आणि घरातले सगळे फोटो त्या मॅकवर! मावशीचा जीव टांगणीला. "अहो, पेनड्राइव्हवर घ्या की, पाच मिनिटांचं काम!" काका ताडकन उठले. "पेनड्राइव्ह म्हणजे कॉपी. माझ्या घरात कॉपी चालणार नाही!"

शनिवारी मावशीने मला नेरूळहून बोलावून घेतलं. मी मॅक तपासला, वायफाय तपासलं, शेवटी लिनक्सवरची सेटिंगची फाईल उघडली. मॅकच्या नावापुढे खुद्द काकांनीच शेरा लिहून ठेवला होता: 'लपवलेल्या फायलींचा कचरा करतो. सुधारेपर्यंत लेखनबंदी.'

"अगंबाई! तुम्हीच शिक्षा दिलीत आणि तुम्हीच विसरलात?" मावशी कडाडली.

"शिक्षेचा काळ संपलाय," काका पडेल आवाजात म्हणाले आणि बंदी उठवली. चाचणीसाठी बहिणीने मॅकवरून पहिली फाईल टाकली. काकांनी ती लिनक्सवर उघडली, आत लिहिलं होतं: "बाबा, पुरे आता. जेवायला चला." मागोमाग सगळे फोटो आले. मावशीने पदराने डोळे पुसले.

आठवड्याने मी जेवणाच्या वेळेला गेलो तरी सकाळची हजेरी चालूच होती. लिनक्स हजर, विंडोज हजर. मॅकपुढे लिहिलं होतं, रजेवर.

"गैरहजर ना, काका?"

"अरे, सांगून गेलाय तो. गैरहजर कसा मांडू?"

फोल्डरमधल्या चाचणीच्या फायली त्यांनी नेहमीसारख्या पुसल्या. एकच ठेवली, मॅकवरून आलेली ती पहिली. ती उघडून बसले होते, आणि मावशी आतून जेवायला हाका मारत होती.