तात्यांची यादी आणि माझी दुरुस्ती

आता काय सांगू तुम्हाला, आधी चहा घ्या. हे सांगायचं म्हणजे मला सगळं पुन्हा आठवावं लागणार, आणि आठवलं तरी थकायला होतं. माणसानं एखाद्यावर जीव लावावा, पण त्याच्या कामात हात घालू नये, एवढं शहाणपण मला पन्नाशीत आलं. तेही गुडघाभर चिखलात उभं राहून!

तर आमचे तात्या. निमगाव केतकीचे. चाळीस वर्षं स्वतःचा बँड आणि हातात क्लॅरिनेट. आसपासच्या गावांतल्या किती वराती त्यांनी वाजवत नेल्या, त्याची मोजदाद नाही. माझीही त्यांनीच नेली. त्या दिवसातलं तेवढंच मला धड आठवतं. आता वय शहात्तर, दात नवे बसवलेले. तरी दर दोन महिन्यांनी एक नवी धून करतात! आपण चाळिशीत नवीन भाजी खायला घाबरतो, आणि हा माणूस बघा.

शिवाय दर सोमवारी त्यांची एक यादी असायची. जुनी गाणी, अभंग, ठुमऱ्या आणि मधे मधे स्वतःची धून. कागदावर लिहून, फोटो काढून मला पाठवायचे. मलाच का? कारण तात्यांच्या चाहत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन मी. इंदापूरला एका हायस्कुलात मी क्लार्क. दिवसभर पोरांचे दाखले लिहायचे आणि घरी येऊन तात्यांची गाणी शोधून, एकामागं एक जोडून दोनशे माणसांना पाठवायची. सहा महिने मला पुरती झोप नव्हती.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा किस्सा झाला नसता. पण मी पडलो रसिक! यादीसोबत मी अकरा मिनिटांचं रसग्रहण बोलून पाठवायचो. दोन संथ गाण्यांनंतर तात्या वरातीची दणदणीत धून का ठेवतात? तर आयुष्यात सुख अचानक दारात येतं म्हणून! उन्हाळ्यात यादीतली गाणी लांबलचक का होतात? तर उतारवयातला माणूस आता सावकाश बोलू लागलाय म्हणून! ग्रुपवर खाली पंचवीस-तीस जोडलेले हात, अंगठे-बिंगठे यायचे. मला वाटायचं, तात्या समजलेला तालुक्यात एकटा मीच.

मग एका सोमवारी यादी आली. दोन संथ गाणी, धून. दोन संथ गाणी, परत तीच धून. असं आठ वेळा!

मी म्हटलं, झालं. वय झालं तात्यांचं, लिहिलेलं विसरायला लागले. लोक हसतील म्हाताऱ्याला. आपण कशासाठी आहोत?

मी दुरुस्ती केली. सगळी संथ गाणी सलग लावली आणि धून एकदाच, अगदी शेवटी. पाठवून दिली.

बुधवारी दुपारनंतर ग्रुपवर मेसेज येऊ लागले. "भाऊसाहेब, यादी लावली आन् डोळाच लागला." "माझा बी लागला." "आमच्या आण्णांना तर उठवायला मानूस धाडावा लागला."

मी प्रत्येकाला उत्तर दिलं, "धन्यवाद. हीच तर तात्यांच्या सुरांची जादू!" आणि खाली फूल टाकलं.

पुढच्या सोमवारी यादी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला तर तात्या उचलेनात. ग्रुपवर लोक मलाच विचारायला लागले, तात्यांची तब्येत बरी हाय ना? मी गाडी काढली आणि निमगाव गाठलं.

तात्या रानात होते. कांद्याच्या वाफ्यांत उभे. कसले वाफे! तळंच होतं ते.

"या भाऊसाहेब," तात्या म्हणाले. "चपला तितंच काढा."

"तात्या, यादी का थांबवली? लोक वाट बघतायत."

"दारं कधी धरलंय का तुमी?"

नव्हतं धरलं. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलो, पण पाणी द्यायचं काम कायम थोरल्या भावाचं.

"एक वाफा भरला की उठून पानी फुडच्या वाफ्यात सोडायचं. दुपारच्याला लिंबाखाली बसलं की डोळा लागतो. दोन गान्यांत माझा एक वाफा भरतो. मग धून वाजली की उठायचं. औंदा कांद्याचं वाफं वाढलं, म्हनून धून आठ येळा."

मी चपला काढून वाफ्यात उतरलो.

"ज्याचं वाफं मोठं, त्यो दुसऱ्या धुनीला उठतो. निम्मं गाव त्या यादीवर पानी देतंय, भाऊसाहेब! तुमी धून काढली कशापायी? त्या बुधवारी मी बी झोपलो, आन् काल यादीबिगर परत झोपलो!"

"मग उन्हाळ्यात गाणी लांब का?"

"हिरीचं पानी खाली जातंय. वाफा भरायला येळ लागतो."

"आणि दर दोन महिन्यांनी नवी धून?"

"एकच धून सारखी ऐकली की कान सरावतो, मानूस उठत न्हाय. नवी करावी लागती." मग हळूच म्हणाले, "आन् करायला ग्वाड बी वाटतं."

खरं सांगतो, मला रडू आलं. गावातली माणसं वेळेवर जागी व्हावीत म्हणून हा शहात्तरीतला माणूस नवनव्या धुनी करत होता, आणि मी त्याला सुख दारात येतं वगैरे शिकवत होतो! रोपाचे तीन वाफे कुजले होते. पाय धरायला वाकलो, तर चिखलात बसलोच.

"चुकलो तात्या. पण यादी बंद करू नका."

तात्यांनी हात देऊन उठवलं. "करतो चालू. पर कागदावर हाय तसंच धाडायचं. आन् तुमचं ते अकरा मिन्टांचं बोलनं हाय ना, ते बी मला पायजे."

बघा! एवढं होऊन माझं रसग्रहण हवंच होतं त्यांना. परतताना मी गाडीवर चक्क गुणगुणत होतो.

सोमवारी दोन कागद आले. पहिल्यावर यादी, धून पुन्हा आठ वेळा. दुसऱ्या कागदावर वर लिहिलं होतं, 'पाणी देऊन झाल्यावर, झोपेसाठी.' खाली एकच ओळ: 'भाऊसाहेबांचं रसग्रहण.'

शब्द दिला होता, पाठवलं. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर कौतुकाचा पूर! त्याच आण्णांना म्हणे गोळी न घेता झोप लागली.

मी चिडलो. माझ्या बोलण्यात झोप येण्यासारखं आहे काय, म्हणून रविवारी दुपारी जेवून स्वतःच लावून बसलो. एकदम उठलो ते बायको चहाला हाक मारत होती तेव्हा. सहा महिन्यांत असा झोपलो नव्हतो. त्यानंतर चार-पाच वेळा ऐकायला बसलोय, पण त्या रसग्रहणाचा शेवट मी काय केलाय, ते मला आजतागायत कळलेलं नाही.