एका आईचं रक्त

दवाखान्यात रक्ततपासणीच्या खोलीबाहेर स्टूल टाकून बसलं, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपणहून शेजारी येऊन टेकतात. मी नावं पुकारतो. वाचता येत नाही, पण सिस्टर आतून सांगतात आणि कार्डांचे रंग मला कळतात. पांढरं म्हणजे काही नाही. लाल म्हणजे सिकलसेलचा आजार. पिवळं म्हणजे आजार नाही, पण रक्तात अर्धा अंश आहे. दोन पिवळ्यांचं लग्न झालं, तर एखादं मूल लाल निघू शकतं.

*

पेठकडच्या ठकूबाईंचा थोरला, दिलीप, सातपूरला कंपनीत. लग्न ठरलेलं, पण तपासणीला रक्त द्यायला सुट्टी मिळेना. मग ठकूबाईंनी त्याच्या नावावर धाकट्या किसनला पाठवलं. रिपोर्ट आला लाल! मुलीकडचे हादरले. सिस्टरनी नवरदेवाला बोलावलं, तर आला भलताच माणूस, चांगला धडधाकट.

ठकूबाई शांतपणे म्हणाल्या, "दोघं माझेच की. एका आईचं रक्त, कुणाचं बी चालतं."

सिस्टर लय रागावल्या. पण हातपाय दुखतात म्हणून ज्याला गावानं आळशी ठरवलं होतं, त्या किसनचा आजार पंचवीस वर्षांनी असा सापडला. रोजची गोळी सुरू झाली.

*

दिलीपचं खरं कार्ड पिवळं निघालं. नवरी सुमन, तिचंही पिवळं. दोन्हीकडचे मामा म्हणाले, मोडा. सिस्टर म्हणाल्या, मोडा नाहीतर करा, पण समजून करा.

सुमननं दोन्ही कार्डं शेजारी ठेवली आणि म्हणाली, "हळद तर लागलीच की आमची!"

लग्न झालं.

*

दिवस गेले, तशी पोटातल्या बाळाची तपासणी ठरली. मोठ्या डॉक्टरांनी सुईनं नमुना घेतला. सुमनची मावशी भुईमुगाच्या शेंगा घेऊन माझ्याजवळ आली. एवढी तपासणी चाललीच आहे, तर मुलगा की मुलगी तेवढं आत विचारून या, म्हणाली.

मी म्हटलं, मावशी, तो गुन्हा आहे.

"मग हळू विचारा."

*

रिपोर्ट यायला बरेच दिवस होते. बाळ लाल निघालं तर काय करायचं, हे नवराबायकोचं काही ठरेना. दिलीप सिस्टरना म्हणाला, तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा. त्या म्हणाल्या, कुणी थांबवतं, कुणी जन्म देऊन लवकर औषध सुरू करतं. दोन्ही प्रकारची माणसं याच बाकावर बसून गेलीत.

दिलीप लगेच बाकावरून उठून उभा राहिला. सुमननं हाताला धरून त्याला परत बसवलं.

*

रिपोर्टच्या दिवशी सगळं घर आलं. मी नाव पुकारलं, दोघं आत गेले. बाहेर आले तेव्हा दिलीप रडत होता आणि सुमन हसत होती. बाळ आईबापासारखंच, पिवळं. आजार नाही.

ठकूबाईंनी पिशवीतून गूळ काढला. मला दिला, सिस्टरना दिला, अनोळखी बायांनाही दिला. किसन तेवढा खिडकीपाशी उभा होता. आई खडा घेऊन जवळ गेली, तेव्हा त्यानं हळूच विचारलं,

"आय, माझ्या टायमाला ही टेस्ट असती, तर मी असतो का गं?"



ठकूबाईंनी गुळाचा खडा त्याच्या हातावर ठेवला.

"असती, तर तुझी गोळी पयल्या दिवसापासून चालू केली असती."